गोव्यातील अपील व युक्तिवाद

खालच्या न्यायालयाचा निकाल मान्य नसलेला पक्षकार वरच्या न्यायालयात लेखी मेमो, म्हणजे निकालावरच्या हरकतींचा अर्ज, दाखल करतो आणि पुढे वकिलामार्फत तोंडी बाजू मांडतो, त्याला अपील म्हणतात. गोव्यात दिवाणी अपिले उत्तर व दक्षिण गोव्याच्या जिल्हा न्यायालयांत आणि पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात चालतात.

पोर्तुगीज अमलात हे काम 1544 साली स्थापन झालेल्या ‘रेलासांव’ या वरिष्ठ न्यायालयाकडे होते. दूरच्या मकावमधली अपिलेही एके काळी इथेच येत, आणि पुढची दाद लिस्बनला मागावी लागे. त्या पद्धतीत वकिलाची भिस्त लेखी निवेदनावर असे. मुक्तीनंतर, डिसेंबर 1963 मध्ये रेलासांवच्या जागी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले, 15 जून 1966 पासून भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि 30 ऑक्टोबर 1982 रोजी खंडपीठ सुरू झाले. पणजीत आल्तिनोवर भरणारे हे खंडपीठ 2021 साली पर्वरीच्या नव्या इमारतीत गेले. थोडक्यात, कागदावर चालणाऱ्या अपिलाला या काळात वाचा फुटली. तरी कागदाचा वचक गेलेला नाही.

त्याचे कारण दिवाणी प्रक्रिया संहितेतला अपिलांविषयीचा आदेश 41. मेमोत हरकतीची कारणे थोडक्यात, वेगवेगळ्या क्रमांकांखाली, युक्तिवाद वा हकिगत न घालता मांडावीत, असे तो सांगतो. प्रत्यक्षात अनेक मेमो हकिगतीनेच फुगलेले असतात. पण जे कारण मेमोत नाही ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय सुनावणीत काढता येत नाही, म्हणून ‘असू दे एक’ म्हणत कारणे वाढवण्याचा मोह वकिलांना आवरत नाही. मुदत जिल्हा न्यायालयासाठी 30 दिवसांची आणि उच्च न्यायालयासाठी 90 दिवसांची. निकालाची प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात; त्यापुढे उशीर झाला तर मेमोसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. फौजदारी अपिलांच्या मुदती वेगळ्या आहेत, आणि तुरुंगातला कैदी अधीक्षकामार्फतही अपील पाठवू शकतो.

खंडपीठाचे कामकाज इंग्रजीत चालते. साक्षी मात्र कोकणीत किंवा मराठीत झालेल्या, जुनी खरेदीखते पोर्तुगीजमध्ये, देवस्थानांचे काही कागद मोडीत. त्यामुळे भाषांतरे जोडलेले पेपर बुक, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचा बांधलेला संच, नीट लावण्यातच ज्युनियर वकिलाचा बराच वेळ जातो. खटला हरल्यावर घरच्या पेटीत आजोबांचा दस्तऐवज सापडल्याचे सांगणारे अशीलही असतात. असा नवा पुरावा अपिलात सहज घेत नाहीत. खालच्या न्यायालयाने तो चुकीने नाकारला होता, पुरेशी खटपट करूनही तो तेव्हा मिळणे शक्य नव्हते, किंवा निकाल देण्यासाठी न्यायालयालाच त्याची गरज आहे, यांपैकी काही दाखवावे लागते.

दुसरे अपील, म्हणजे पहिल्या अपिलातल्या निकालावर उच्च न्यायालयात केलेले अपील, यापेक्षा अरुंद वाटेचे. त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न मेमोतच नेमका मांडावा लागतो. तो नसेल तर अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपते. गोव्यात असे प्रश्न निघण्याला वावही मोठा आहे, कारण 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून जिवंत आहे. दावा लावण्याची मुदत त्या संहितेप्रमाणे मोजायची की भारतीय मुदत कायद्याप्रमाणे, यावर सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये संहितेच्या बाजूने कौल दिला आणि 2001 मध्ये तो फिरवला.

सुनावणीत आधी अपीलकर्त्याचा वकील बोलतो. त्यात दम नाही असे वाटले तर न्यायालय समोरच्याला न ऐकताही अपील फेटाळू शकते. एरवी उत्तरवादी बोलतो आणि शेवटचे प्रत्युत्तर पुन्हा अपीलकर्त्याचे. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत, प्रकरणांची रांग असते, तेव्हा खालचा निकाल पहिल्या पानापासून वाचून दाखवणारा वकील आपलीच वेळ घालवतो. चूक कोणत्या परिच्छेदात आहे आणि तिला छेद देणारी साक्ष पेपर बुकच्या कोणत्या पानावर आहे, हे आधी सांगणारा पुढे जातो. न्यायाधीशांचा प्रश्न आला की ठरवलेला क्रम सोडून त्याचेच उत्तर द्यावे लागते, आणि तयारी कितपत होती ते तिथे कळते. अखेरीस दोन्हीकडून मुद्द्यांची लेखी टिपणे देण्याचाही प्रघात आहे.

निकालपत्रात ठरवायचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि कारणे असावी लागतात. उच्च न्यायालयानंतर बहुतेक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीची याचिका एवढाच मार्ग उरतो.