सोळा बाइट मागितले, कोट्यवधी नोंदी लिहायला घेतल्या

ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टिम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा. येणाऱ्या नोंदी ठेवायला त्याला मेमरी लागते, आणि ती मागताना तो शाळकरी गुणाकार करतो: नोंदी किती, गुणिले एका नोंदीचे बाइट. ड्रायव्हरचा कोड वाचताना मला सर्वांत जास्त धास्ती याच ओळीची वाटते.

३२ बिटांच्या मशीनवर आकाराचा आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच जातो. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. एक नोंद १६ बाइटची आणि नोंदी २६,८४,३५,४५७ धरा. उत्तर ४,२९,४९,६७,३१२ यायला हवं, हाती उरतात १६. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तेवढे १६ बाइट लगेच देतो आणि सगळं सुरळीत दिसतं. मागणी फेटाळली गेली असती तर किती बरं झालं असतं! नोंदी एकेक करून लिहिणारा पुढचा लूप मात्र खऱ्या संख्येवर चालतो आणि कर्नलच्या शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतो. ती संख्या बाहेरून येत असेल, तर ती हल्लेखोरच ठरवू शकतो. २००२ साली ओपनएसएसएच या दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉग-इन करण्याच्या प्रोग्रॅममध्ये सापडलेली चूक याच जातीची होती: पलीकडून आलेल्या उत्तरांच्या संख्येला पॉइंटरच्या (मेमरीतल्या जागेच्या पत्त्याच्या) आकाराने गुणून मेमरी मागितली जात होती.

६४ बिटांच्या मशीनवरही निश्चिंत राहता येत नाही. दोन्ही आकडे ३२ बिटांचे असले तर सी भाषा गुणाकार ३२ बिटांतच उरकते आणि आधीच कापलं गेलेलं उत्तर मोठ्या व्हेरिएबलमध्ये ठेवते.

लिनक्समध्ये २०१२ साली मेमरी मागण्याचं केमॅलॉक_अ‍ॅरे हे फंक्शन आलं. त्याला संख्या आणि आकार वेगवेगळे द्यायचे. गुणाकार मावत नसेल तर ते नल, म्हणजे ‘मेमरी मिळाली नाही’ सांगणारा रिकामा पॉइंटर, परत करतं. २०१८ साली आकाराचा हिशेब करणारं स्ट्रक्ट_साइझ आलं, ज्या रचनेत सुरुवातीला ठरावीक भाग आणि शेवटी लांबी न ठरलेला अ‍ॅरे (एकसारख्या नोंदींची रांग) असतो तिच्यासाठी. त्यातली कल्पना मला फार आवडते. हिशेब हाताबाहेर गेला की उत्तर कमाल आकड्यावरच अडकून राहतं. एवढी मेमरी कुणीच देऊ शकत नाही, मागणी फसते आणि ड्रायव्हर वेळीच थांबतो.

पण त्या कमाल आकड्यात कुणी हाताने एक मिळवला, तर पुन्हा शून्य. शून्य बाइट मागितले तर केमॅलॉक, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागण्याचं मूळ फंक्शन, नल देत नाही, एक खास पॉइंटर देतं, आणि नलची तपासणी त्याला सोडून देते. म्हणून बेरजेलाही, तसंच कमाल आकड्यावर अडकणारं, साइझ_अ‍ॅड वापरायचं.