पंधरा मिनिटांची आठवण: पडद्यावरची आणि खरी

चित्रपटात डोक्याला मार लागला की माणूस सगळ्यात आधी स्वतःचे नाव विसरतो. खऱ्या रुग्णाला नाव, गाव, लग्न बहुधा आठवत असते. आठवत नाही ते सकाळी भेटायला कोण आले होते हे. ही गफलत मूकपटांच्या काळापासून चालत आली आहे. १९८३च्या ‘सदमा’त अपघातानंतर तरुणी मनाने लहान मूल होते, वैद्याच्या उपचाराने बरी होते आणि मधल्या काळात तिला सांभाळणारा माणूसच तिच्या लेखी नाहीसा होतो. श्रीदेवींचे काम पाहून डोळे आजही भरून येतात, पण मेंदू सहसा असा वागत नाही.

तो कसा वागतो, हे हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणामुळे कळले. १९५३ साली, फेफरे थांबावे म्हणून, शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठणे बंद पडले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिल्या, तरी प्रत्येक भेट त्याच्यासाठी पहिलीच. ऐकलेले आकडे मनात घोळवत तो धरून ठेवू शके; लक्ष दुसरीकडे गेले की ते गेले. आरशात पाहून चांदणी गिरवायला मात्र तो शिकला. दिवसागणिक हात सफाईदार होत गेला, आणि हे आपण पूर्वी केले आहे याची त्याला जाणीवच नव्हती.

‘मेमेंटो’ (२०००) हा चित्रपट मोलेसनच्या बराच जवळ जातो. नायकाची जुनी ओळख शाबूत आहे, नवे काही टिकत नाही, म्हणून चिठ्ठ्या आणि अंगावर गोंदलेली अक्षरे. तमिळ (२००५) आणि हिंदी (२००८) ‘गजनी’ने ती कल्पना घेतली, पण वर पंधरा मिनिटांचे घड्याळ लावले. आठवण अशी ठरल्या मिनिटाला पुसली जात नाही. माझ्या मते भारतीय प्रेक्षकाच्या डोक्यात सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज हाच.

‘५० फर्स्ट डेट्स’मध्ये (२००४) नायिकेचा दिवस रात्रीच्या झोपेत पुसला जातो. पुढे अपघात झालेली एक स्त्री हीच तक्रार घेऊन अमेरिकी संशोधकांकडे आली. त्यांनी आदल्या दिवशीच्या गोष्टी तिच्या नकळत चाचणीत मिसळल्या, तेव्हा तिला त्या ओळखता आल्या. ती खोटे बोलत नव्हती, असाच त्यांचा निष्कर्ष होता. आजाराची तिची कल्पना मात्र चित्रपटाने घडवलेली असावी. गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेले संमोहनतज्ज्ञ आबे फारिया दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हेच सांगत होते, की संमोहनाची ताकद तेव्हा मानत तशी चुंबकात नाही, संमोहनाने झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, पण त्यांच्या या विचाराची आठवण क्वचितच कोणी काढते.

याचा त्रास घरच्यांना होतो. दुचाकीवरून पडलेला मुलगा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) खाटेवर ‘मी हंय कसो?’ असे पुन्हापुन्हा विचारतो आणि आईला नावाने हाक मारतो. मग शेजारी म्हणतात, नाटक करतो. वर्षानुवर्षांच्या दारूने आणि ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने जडणाऱ्या विस्मृतीचे, म्हणजे रशियन डॉक्टर कोर्साकॉफ यांनी १८८७ पासून वर्णिलेल्या आजाराचे, तेच. त्यात मन रिकाम्या जागा रचलेल्या प्रसंगांनी भरते आणि माणूस खोटारडा ठरतो. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो. अशा माणसाची गोष्ट घड्याळाशिवाय सांगणारा चित्रपट मला तिथे पाहायचा आहे.