विक्रमासाठी परदेशी ट्रॅक: जपानी लांब पल्ल्याच्या धावपटूंची पार्श्वभूमी

बर्लिन ऑलिंपिक, १९३६. दहा हजार मीटरच्या शर्यतीत ठेंगणे कोहेई मुराकोसो बराच वेळ सर्वांत पुढे धावत होते. शेवटी फिनलंडच्या तिघांनी त्यांना मागे टाकले आणि ते चौथे आले. पाच हजार मीटरमध्येही चौथेच. एकसारख्या गतीने दमवणारी धाव आणि अखेरच्या फेरीत अपुरा पडणारा वेग हे दुखणे जपानी ट्रॅक-धावकांना पुढेही दीर्घकाळ भोवले.

याचे एक कारण घरच्या वेळापत्रकात आहे. शरद ऋतू लागला की एकिदेन, म्हणजे रस्त्यावरच्या सांघिक टप्प्यांच्या शर्यती सुरू होतात. २ आणि ३ जानेवारीच्या हाकोने एकिदेनमध्ये विद्यापीठाचे दहा धावक मिळून सुमारे २१७ किलोमीटर पळतात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला २० किलोमीटरच्या आसपास. अशा तयारीने दम जबरदस्त वाढतो, पण शेवटचे ४०० मीटर ५५ सेकंदांत काढण्याची सवय लागत नाही. तोशिहिको सेको यांनी मार्च १९८१ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला एकाच धावेत २५ आणि ३० किलोमीटरचे ट्रॅकवरचे विश्वविक्रम केले. ते २०११ पर्यंत टिकले. अंतर जितके लांब, तितका जपानी धावक मातब्बर!

दहा हजार मीटरच्या राष्ट्रीय विक्रमाची कथा मात्र रखडलेली. ताकेयुकी नाकायामा यांनी १९८७ मध्ये हेलसिंकीत २७ मिनिटे ३५.३३ सेकंद वेळ दिली. तोशिनारी ताकाओका यांनी मे २००१ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला ती २७:३५.०९ वर आणली. चौदा वर्षांत सुधारणा पाव सेकंदाची! महिलांमध्ये योको शिबुई यांचा २०२० पर्यंत टिकलेला ३०:४८.८९ हा विक्रमही २००२ चा, स्टॅनफर्डचाच.

तिथेच का? मे महिन्यातली थंड रात्र, पेसमेकर (सुरुवातीला ठरलेल्या गतीने पुढे धावून वेग राखून देणारे धावक) आणि आपल्याच तोडीचे वीसेक प्रतिस्पर्धी. २७:३० साठी पंचवीसही फेऱ्या ६६ सेकंदांच्या हव्यात. एकट्याने पुढे राहिले की वारा अंगावर येतो आणि मधल्या फेऱ्या ६७-६८ वर घसरतात. घोळक्यात वेगळाच धोका असतो. आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून धावल्यास दर फेरीला सहा मीटरहून थोडे जास्त अंतर वाढते. अर्धी शर्यत तशी गेली तर जवळपास ७८ मीटर, म्हणजे तेरा सेकंद वाया.

घड्याळाचा हिशेबही आहे. कॅलिफोर्नियात मे महिन्यात रात्रीचे दहा म्हणजे तोक्योत दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन. नुकत्याच पोहोचलेल्या धावकाचे शरीर तेव्हा चांगले जागे असते. बेल्जियममध्ये जुलैच्या रात्री दहा म्हणजे तोक्योची पहाट, पाच वाजता. म्हणून युरोपात काही दिवस आधी पोहोचावे लागते. सुगुरु ओसाको यांनी जुलै २०१५ मध्ये बेल्जियममधल्या ह्यूस्डेन-झोल्डरला पाच हजार मीटरमध्ये १३:०८.४० चा विक्रम केला, पण ते तोवर जपानी कंपनी-संघ (कंपनीने पोसलेला धावसंघ) सोडून अमेरिकेत सराव करत होते.

पुढे जपानने हीच परिस्थिती घरी उभी केली: हिवाळ्याच्या तोंडावर शर्यती, कंपनी-संघांतले केनियन धावक पुढे आणि काही स्पर्धांत ट्रॅकच्या कडेने गती दाखवणारे दिवे. नोव्हेंबर २०१५ मध्ये हाचिओजीला कोता मुरायामा २७:२९.६९ मध्ये आले, डिसेंबर २०२० मध्ये ओसाकात अकिरा आइझावा २७:१८.७५ मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये तोक्योत काझुया शिओजिरी २७:०९.८० मध्ये. पण पॅरिस ऑलिंपिकची पात्रता वेळ होती २७:००.००, फेरीला ६४.८ सेकंद.

त्यामुळे आता परदेशी जाण्याचा हेतू बदलतो आहे, आणि माझ्या मते योग्य दिशेने. नोझोमी तानाका यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रुसेल्सला पाच हजार मीटर १४:२९.१८ मध्ये काढले. र्युजी मिउरा यांनी जुलै २०२५ मध्ये मोनाकोला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीत) ८:०३.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला आणि ते दुसरे आले. दोघेही डायमंड लीगमध्ये, म्हणजे अव्वल अ‍ॅथलेटिक्स स्पर्धांच्या वार्षिक आंतरराष्ट्रीय मालिकेत, वारंवार उतरतात. तिथे शेवटच्या फेरीत गती अचानक वाढते, आणि तो सराव एकिदेनच्या रस्त्यावर मिळत नाही.