'माझी मैना' कुणाची? अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख

'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, कुणाची, असं विचारलं की पुष्कळजण बेधडक अमर शेखांचं नाव घेतात. ती लिहिली अण्णाभाऊ साठे यांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये गाजली मात्र अमर शेखांच्या पहाडी आवाजात. घोळ होणारच म्हणा! दोघेही शाहीर, दोघेही कम्युनिस्ट. शाहीर द. ना. गवाणकरांना सोबत घेऊन दोघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि गेलेही दोघं 1969 सालीच, सहा आठवड्यांच्या अंतरानं.

अण्णाभाऊ वाटेगावचे. शाळा दीड दिवसाची, पण हाडाचा गोष्ट सांगणारा माणूस. 'मैना'तच बघा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरतोय. तिचं रूप, तिचे दागिने, निघतानाची ताटातूट, मग मुंबईचा झगमगाट. ऐकणारा लावणीच्या रंगात पार बुडालेला असतो. आणि मग शाहीर हळूच वळण घेतो: माझ्या मैनेची जी गत, तीच या खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अजून दुसऱ्यांच्या ताब्यात! राजकारण इतक्या उशिरा येतं, म्हणूनच ते काळजाला भिडतं. हाच गोष्टीवेल्हाळ हात पुढे 'फकिरा' कादंबरीत (1959) दिसतो. तमाशातला गण, म्हणजे सुरुवातीचं वंदन, तोही त्यांनी बदलला. गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवबांना वंदन आलं.

अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. गिरणीत राबलेले, संपापायी तुरुंगात गेलेले. त्यांचं बळ गोष्टीत नाही, थेट हाकेत आहे. समोरच्या गर्दीशी ते मधे पात्र न आणता बोलतात. पुढाऱ्यांच्या भाषणाआधी सभा तापवायची ती त्यांनीच.

या घोळात तोटा कुणाचा झाला, तर माझ्या मते अमर शेखांचा. 'मैना' त्यांच्या नावावर खपते खरी, पण त्यामुळे ते नुसते गायक ठरतात. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह त्यांच्या स्वतःच्या लेखणीतले. अण्णाभाऊंचे पुतळे चौकाचौकांत आहेत, मॉस्कोतही आहे. अमर शेखांची कविता मात्र मुद्दाम शोधून वाचावी लागते.