जो खाली, तो भारी

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत एक बातमी दरवर्षी वाचायला मिळते: अमुक संघाची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चेंडू ताब्यात असताना पुढे उभी राहणारी फळी, कच्ची आहे, आणखी धिप्पाड गडी आणा. देह मोठा म्हणजे फळी भक्कम, हा समज फार पसरलेला आहे. पण या फळीतले बहुतेक सगळेच १३५ ते १५० किलोंचे असतात. वजन सगळ्यांकडेच आहे. फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टीने.

ही फळी पाच जणांची. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्यांच्या मागे उभा. चेंडू हातात आल्यापासून फेकेपर्यंत त्याला साधारण अडीच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ समोरून मुसंडी मारणाऱ्यांना थोपवायचं, तेही त्यांना धरून न ठेवता. धरलं तर संघाला १० यार्ड मागे जाण्याचा दंड.

ते जमलं नाही तर काय होतं, ते ७ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, दिसलं. कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक रात्रभर जीव वाचवत पळत राहिला. समोरच्या टॅम्पा बे संघाच्या खेळाडूंनी त्याच्यावर २९ वेळा दबाव आणला आणि चीफ्स ९-३१ असे हरले. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी संघाने जवळजवळ सगळी फळी बदलली. जो थूनी आणि ऑर्लँडो ब्राउन आले, क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ हे नवखे निवडले गेले. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, ज्यांनी साखळी सामन्यांत प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना चेंडू फेकण्याआधीच ७० वेळा लोळवलं, म्हणजे सॅक केलं, होतं. त्या दिवशी महोम्स एकदाही सॅक झाला नाही.

आता या खेळातला मला सर्वांत आवडणारा भाग. बंद पडलेली गाडी ढकलताना आपण पाय मागे रोवतो आणि अंग पुढे झोकतो. असं का? समोरून येणारा जोर आपल्याला पावलांभोवती मागे उलथू पाहतो. हे उलथवणारं आघूर्ण म्हणजे जोर गुणिले तो जमिनीपासून किती उंचीवर लागतो ते अंतर. त्याला उत्तर देतं आपलं वजन, गुणिले गुरुत्वमध्य पावलांच्या किती पुढे आहे ते अंतर. दोन्ही गुणाकार जुळले की माणूस टिकतो.

१४० किलोंचा लाइनमन, म्हणजे फळीतला गडी, ताठ उभा आहे असं धरू. धक्का १.४ मीटर उंचीवर लागतो आणि गुरुत्वमध्य पावलांच्या ०.४ मीटर पुढे आहे. १४० गुणिले ०.४ भागिले १.४, म्हणजे तो जेमतेम ४० किलोंचा जोर पेलेल. आता त्याच माणसाने कंबर खाली सोडली, धक्का १ मीटरवर घेतला आणि गुरुत्वमध्य ०.६ मीटर पुढे नेला. उत्तर येतं ८४ किलो. वजन एक ग्रॅमही वाढलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. खाली असलेला माणूस नुसता पुढे ढकलत नाही. त्याचे तळवे समोरच्याच्या छातीवर खालून बसतात आणि जोर तिरका वर जातो. समजा त्यातला वरच्या दिशेचा भाग ३० किलोंचा आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच भार उलट त्याच्या हातांवर खाली येतो. म्हणजे त्याची पावलं जमिनीवर १७० किलोंनी दाबली जातात आणि समोरच्या १२० किलोंच्या गड्याची फक्त ९० किलोंनी. पावलांची पकड या दाबावरच ठरते, त्यामुळे एकाची पकड वाढते आणि दुसऱ्याचे पाय सुटू लागतात. शिवाय हातांवरचा हा भार पावलांच्या सुमारे १.१ मीटर पुढे पडतो, म्हणून तो लाइनमनला मागे उलथण्यापासूनही वाचवतो: ३० गुणिले १.१, म्हणजे आणखी ३३. मघाचे ८४ आता ११७ झाले.

मात्र अंग पुढे झोकण्यात धोकाही आहे. समोरच्याने अचानक जोर काढून घेतला किंवा हात झटकून बाजूला सटकला, तर तोल राखणारं एक आघूर्ण नाहीसं होतं आणि लाइनमन तोंडावर आपटतो. म्हणून पाठ सरळ, वाक गुडघ्यात आणि नितंबात, आणि पावलं सतत छोटी छोटी हलती, अशी त्याची ठेवण असते.

तोल वाढवण्याचा दावा करणारे होलोग्रामचे रबरी पट्टे काही वर्षांपूर्वी खेळाडूंच्या मनगटांवर सर्रास दिसत. विक्रेता आडव्या धरलेल्या हातावर दाब देऊन 'आधी' आणि 'नंतर' दाखवायचा. दाबाची दिशा शरीराच्या बाहेर किंवा आत जराशी बदलली की हेच आघूर्ण बदलतं; पट्ट्याचा काही संबंध नाही. या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नसल्याची कबुली असे पट्टे विकणाऱ्या पॉवर बॅलन्सच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीला तिथल्या ग्राहक आयोगापुढे द्यावी लागली. तोल पैसे देऊन मनगटावर बांधता येत नाही, आणि तरुण खेळाडूंना असा माल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तोल कमवावा लागतो सराव शिबिरात. तिथे लोखंडी नळ्यांचा एक ठेंगणा सांगाडा असतो. त्याच्याखालून ही अवाढव्य माणसं वाकलेल्या गुडघ्यांनी झेपावत बाहेर येतात. कोणी उठण्याची घाई केली की शिरस्त्राण वरच्या नळीवर खणकन आपटतं. घोटा आणि नितंबाचा सांधा पुरेसा वाकत नसेल, तर माणूस खाली जाण्यासाठी कंबरेतून वाकतो आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. म्हणून मोठ्या देहाइतकेच, किंबहुना जास्त, मोकळे सांधे शोधायला हवेत.

फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सवर पुन्हा तीच वेळ आली. मुळात गार्ड असलेल्या थूनीला डाव्या टॅकलच्या जागी खेळावं लागत होतं, महोम्स सहा वेळा सॅक झाला आणि ईगल्स ४०-२२ असे जिंकले. एप्रिलमध्ये नवख्या खेळाडूंच्या निवडीत संघाने पहिल्याच फेरीत ओहायो स्टेट विद्यापीठाचा टॅकल जॉश सिमन्स घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा फाटला होता. मांडीची ताकद नडगीपर्यंत पोचवतो तो हाच कंडरा, आणि खोल वाकलेल्या गुडघ्यातून उठताना त्याच्यावर मोठा ताण येतो.