पिवळी टीप आणि पेटीचा हिशेब

देवगड-रत्नागिरीकडच्या आंब्याच्या वखारीत एप्रिल-मे महिन्यांत संगणकावर बसणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. 'नग' या चौकटीत काय भरायचं? आंबे, डझन की पेट्या? पेटी तरी पाच डझनी की सहा डझनी? यावर हल्ली सुचवला जाणारा सोपा तोडगा म्हणजे चौकटीवर माऊस नेला की उमटणारी छोटी पिवळी टीप. गंमत अशी, की ही टीप माहिती भरायच्या चौकटींसाठी जन्मलीच नव्हती.

चौकटींची सोय तिच्या आधी होती. विंडोजआधीच्या डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रो या माहिती साठवायच्या प्रोग्रामात, चौकट मांडणाऱ्या 'गेट'च्या आज्ञेला 'मेसेज' जोडता येई. कर्सर चौकटीत शिरला की खालच्या बाजूला सूचनेची ओळ दिसे. एंटर मारत पुढे सरकणाऱ्याला हात उचलावा लागत नसे.

१९९१ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांवरच्या सिस्टिम ७ ने 'बलून हेल्प' आणली. ती चालू केली, की माऊस जाईल तिथे व्यंगचित्रातल्यासारखा फुगा! कामाच्या माणसाला तो लवकरच नकोसा होई. मायक्रोसॉफ्टची 'टूलटिप' त्यामानाने समंजस. टूलबारवरच्या चित्रांचा अर्थ लागेना म्हणून ती आली, नावातच ते आहे. विंडोज ९५ ने ती सगळ्याच प्रोग्रामरांच्या हाती दिली. डबल-क्लिकसाठी धरलेला अर्धा सेकंद माऊस स्थिर राहिला की ती दिसते, आणि त्याच्या दहापट, म्हणजे ५ सेकंदांनी मावळते. बटणाच्या नावाला एवढा वेळ पुष्कळ झाला. पेटीचा हिशेब समजून घ्यायला नाही.

१९९५ च्याच डेल्फीने, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या एका साधनाने, मात्र डोकं लढवलं. 'हिंट'मध्ये, म्हणजे टिपेसाठी लिहायच्या मजकुरात, उभी रेघ घातली, की अलीकडचा मजकूर टिपेत आणि पलीकडचा तळाच्या पट्टीत. माझ्या मते इतकी साधी युक्ती नंतर कुणाला सुचली नाही.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. युनिकोडपूर्वी, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेतपद्धत येण्याआधी, चौकटीला मराठी फॉन्ट लावला की भागायचं. टीप मात्र विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये उमटायची, त्यामुळे 'पेटी'च्या जागी अगम्य चिन्हांचा कचरा. विंडोज २००० मंगल फॉन्टसह आलं, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं साधन डॉटनेट आलं आणि टीप मराठीत बोलू लागली. पण तिथेही खोच राहिलीच: डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्स या चौकटी मांडायच्या सोयीत चौकट बंद, म्हणजे भरता येणार नाही अशी, ठेवली असेल तर तिच्यावर टीप येत नाही. 'ही का बंद?' असं विचारावंसं वाटतं, नेमकं तिथेच मौन.

वेबपानं दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या निकषांनी माऊस आणि कर्सर यांना एकाच मापाने मोजलं. टीप कशानेही उमटो, वाचणाऱ्याने हटवेपर्यंत किंवा तिथून हलेपर्यंत ती टिकली पाहिजे. निकष वेबसाठीचे, पण वखारीतल्या प्रोग्रामलाही लागू पडावेत असे. मी अशा कामात आता टिपेच्या भरवशावर राहत नाही. कर्सर 'नग'मध्ये शिरला की खाली ओळ येते: '५ डझनी पेटी = ६० नग'. फॉक्सप्रोत यायची तशीच.