पोर घाबरतं, मग नाटक दाखवायचं कधी?

‘दहा वर्षांचं होईपर्यंत पोराला नाटकाला नेऊ नये; घाबरतं, गप्प बसत नाही.’ सिंधुदुर्गात हे ऐकून ऐकून कान किटले. निम्मं खरं आहे: दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रेतल्या लोकनाट्यात, काळ्या वेषातला संकासुर राक्षस आला की तीन-चार वर्षांचं मूल रडू शकतं. पण त्याचं कारण नाटक नव्हे. या वयात मुखवटा आणि त्यामागचा माणूस वेगळे करणं जड जातं, एवढंच.

उपाय घरात आहे. पोफळीच्या विरीला (झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद, चिवट सालीला) नाहीतर पुठ्ठ्याला डोळ्यांची भोकं पाडा, रंगवायला मुलालाच द्या. मुखवटा आधी बाहुलीला, मग बाबांना, शेवटी स्वतःला. काढला की बाबा, घातला की राक्षस; हा खेळ वीस वेळा झाला तरी होऊ द्या. दशावतारी नट स्वतःचा रंग स्वतःच लावतात. विचारून, लांबून ते दाखवता आलं तर उत्तमच.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. दोरी ओढली की हात हलतो, हे एकदा जवळून पाहिलेलं मूल पुढे प्रश्न विचारतं, रडत नाही (निदान कमी रडतं).

आणि गप्प बसणं? जत्रेतलं नाटक रात्रभर चालतं. मोठेही मध्येच भजी खायला उठतात. पोर आईच्या मांडीवर झोपलं तर झोपू द्या. फक्त कर्ण्याजवळ बसू नका.